बिल कोणी द्यायचं

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी शेवटची ओळ वाचायला जाशील. लहानपणी गोष्टीचं पुस्तकही तू मागूनच उघडायचीस. या वेळी कृपा करून क्रमाने वाच. मेसेजला तू दोन-तीन शब्दांपलीकडे उत्तर देत नाहीस आणि फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. काकांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, हे काकूकडून आईला कळलं आणि आईकडून मला. हृदयाची झडप बदलायची आहे, डॉक्टर अनुभवी आहेत, काळजीचं काही कारण नाही, असं काकू म्हणाली. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, कारण नसतं तर तिने तेच तेच चार वेळा सांगितलं नसतं. त्यानंतर तुझ्या फोनवर माझ्याकडून काही रक्कम आली. ती तू लगेच परत पाठवलीस, खाली लिहिलंस, 'गरज नाही. धन्यवाद.' त्याची तक्रार करायला मी हे लिहीत नाही. व्यवहार म्हणून तो बिनचूक होता. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. फक्त 'धन्यवाद'पाशी थोडी अडखळले. शाळेत कोणीतरी मला विचारलं होतं, 'ती तुझी चुलत बहीण ना?' तेव्हा मी घरी येऊन आईला चुलत म्हणजे काय ते विचारलं होतं. आपल्यात धन्यवाद म्हणतात हे मला या वेळी पहिल्यांदा कळलं.

मी सध्या काय काम करते हे तुझ्यापर्यंत पोचलं नसेल, म्हणून सांगते. हॉटेलात जेवणाऱ्या माणसाला जागेवर बसल्या बसल्या फोनवरून बिल भरता यावं, अशी सोय आमची कंपनी तयार करते आहे. टेबलावर एक छोटा चौकोनी स्टिकर असतो. त्याच्यावर फोन धरला की त्या टेबलाचं बिल समोर येतं, पैसे भरले की हिरवी खूण दिसते, आणि माणूस उठून चालू लागतो. वेटरला खुणा करत बसायला नको, सुट्ट्या पैशांची भानगड नको. फोनवर काय कुठे दिसेल, आधी कुठलं बटण, चुकून दोनदा दाबलं तर काय, मध्येच नेटवर्क गेलं तर काय, हे सगळं ठरवणं माझ्याकडे. एवढ्यासाठी पगार देतात का, असं तू विचारशील. काकांनीही हेच विचारलं असतं, आणि मग संध्याकाळी आपल्या दिव्यांच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिव्याबरोबर ही बातमीही बांधून दिली असती.

कागदावर एक रेघ ओढण्याआधी मी नुसतं बघायचं ठरवलं. बरेच दिवस मी निरनिराळ्या हॉटेलांत कोपऱ्यातलं टेबल धरून बसले. समोर कॉफी, आणि लक्ष इतरांच्या टेबलांवर. एका मालकाने माझ्यापाशी येऊन गाऱ्हाणं मांडलं: 'मॅडम, लोक जेवायला वेळ लावतात त्याचं मला काही नाही. जेवण झाल्यावर जे ठाण मांडून बसतात ना, त्याचं काहीतरी करा.' मी ते लिहून घेतलं, कारण आमचं कामही तेच होतं. पण बघता बघता मला वेळेपेक्षा हातच जास्त दिसायला लागले. बिल टेबलावर आलं की हात बदलतात. एखादा हात ताबडतोब त्यावर पडतो. एखादा खिशाकडे निघतो, पण इतक्या सावकाश, की तो पोचेपर्यंत दुसऱ्याने काहीतरी करावं. एक बाई पर्स उघडून आत इतका वेळ शोधत राहिल्या, की त्यांच्या मैत्रिणीने शेवटी म्हटलं, 'अगं, विहीर आहे का ती? मी दिले.' कोणाला नेमका त्याच क्षणी फोन येतो. मी हे सगळं पाहत होते आणि मला ठाऊक होतं की यातलं मला काहीच नवं नाही. हे शिक्षण आपल्या दोघींचं फार लवकर झालं होतं.

कोपऱ्यावरचं हॉटेल तुला आठवतं ना? आपण त्याला नावाने कधी हाक मारलीच नाही, 'कोपऱ्यावर जायचं' एवढंच. काचेचं दार, ते ढकललं की वरची घंटी वाजायची, आत गेल्यावर डावीकडे काउंटर, आणि खिडकीपाशी दोन टेबलं जोडून आपली सहा जणांची जागा. महिन्याचा शेवटचा रविवार. आई आणि काकू खिडकीच्या बाजूला, आपण दोघी भिंतीशी, आणि बाबा आणि काका समोरासमोर, पत्ते खेळायला बसल्यासारखे. सूप येईपर्यंत दोघे गोड बोलायचे. काका 'दादा, तू घे आधी' म्हणायचे, बाबा 'तू घे रे, तुला भूक लागलीय' म्हणायचे. जेवण संपत आलं की दोघांचं बोलणं कमी कमी होत जायचं, आणि काकू आईच्या कानाशी म्हणायची, 'चला, आली वेळ.' तो उंच वेटर, ज्याला आपण 'पंच' म्हणायचो, तो बिलाची बशी बरोबर मधोमध ठेवायचा. कुणाच्याही बाजूला बोटभरही जास्त नाही. आणि हात मागे बांधून दोन पावलं मागे सरकायचा.

मग जे व्हायचं ते शेजारच्या टेबलांवरचे लोकही मान वळवून बघायचे. 'हात काढ.' 'तू काढ.' 'मागच्या वेळी तूच दिलंस.' 'मागच्या वेळचं मागच्या वेळी. आणि मी थोरला आहे.' 'थोरला आहेस तर आशीर्वाद दे, पैसे कशाला देतोस?' आई म्हणायची, दोघांनाही एवढी हौस आहे तर आम्हा दोघींना द्या, आम्ही खरेदीला जातो. त्यांना ऐकू जायचं नाही. काकांच्या युक्त्या धसमुसळ्या असायच्या: बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने काउंटरपाशी वाकायचं, पंचाशी हात मिळवून त्यातून नोट सरकवायची. बाबांच्या युक्त्या त्यांच्या ऑफिसातल्या नकाशांसारख्या, आधी आखलेल्या. ऑफिसातून येताना कोपऱ्यावर थांबून ते अंदाजाने पैसे भरून ठेवायचे, आणि रात्री बशी आलीच नाही की चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणायचे, 'आज बिल विसरले वाटतं.' काकांचा चेहरा तेव्हा कसा व्हायचा. घरी पोचेपर्यंत ते एकच वाक्य म्हणत राहायचे, 'बघतो तुला पुढच्या महिन्यात.' आपण आधीच आईस्क्रीमवरच्या वेफरची पैज लावलेली असायची. तू कायम काकांवर लावायचीस, मी कायम बाबांवर. तू जास्त वेळा हरलीस, पण त्यात तुझी अक्कल कमी नव्हती, तुझी निष्ठा जास्त होती.

आणि तो महिना, ज्यात दोघांनीही आधीच पैसे भरले होते. बाबांनी मालकाकडे, काकांनी पंचाकडे, आणि त्या दोघांनी एकमेकांना सांगितलंच नाही. जेवण झालं, बशी आली नाही. बाबा म्हणाले, 'विसरले वाटतं.' काकाही म्हणाले, 'विसरले वाटतं.' दोघेही इतक्या समाधानाने हसत होते, की आपण दोघी गोंधळलो. पुढच्या महिन्यात जेवण झाल्यावर मालक स्वतः आले आणि म्हणाले, 'आजचं तुमचं झालेलं आहे, गेल्या वेळी दोनदा आले होते.' दोघे भाऊ त्या माणसावर असे भडकले, जणू त्याने फसवलं होतं. भांडायला काही उरलंच नव्हतं. परत येताना काका म्हणाले, 'आज जेवल्यासारखं वाटलं नाही.' काकू म्हणाली, 'दोनदा वाढून घेतलंत की.'

आमच्या क्षेत्रात या घटनेला एक रुक्ष नाव आहे. एकाच बिलावर दोन फोन एकाच वेळी पैसे भरायला गेले तर काय करायचं, हा माझ्यासमोरचा सगळ्यात अवघड प्रश्न होता. सोपं उत्तर असं, की पहिल्याने बिल उघडलं की बाकीच्यांना कुलूप. पण पहिल्याने उघडून नुसतंच ठेवून दिलं तर सगळं टेबल अडकतं. आमचा टीम लीड म्हणाला, 'एवढा विचार कशाला? बिल आलं की थेट डोक्यांनी भागायचं. जितकी माणसं तितके सारखे भाग, प्रत्येकाने आपापला भरायचा. वाद नाही, कुलूप नाही.' त्याचं चूक नव्हतं. बहुतेक लोकांना तेच हवं असतं, आणि मित्रमैत्रिणींत मीही तसंच करते. बाकीच्या सगळ्या स्क्रीन मी वेळेत दिल्या. ती एक मात्र माझ्याकडून होईना. तो दोनदा येऊन विचारून गेला, की चार आकडे आणि एक बटण, यात अडलंय काय. मी त्याला तांत्रिक कारणं दिली. ती खरीही होती.

खरं कारण तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. आजी गेल्यानंतर तिचं घर विकलं. वकिलांच्या ऑफिसात दोन्ही भावांनी सह्या केल्या, सगळं सारखं, सगळं रीतसर. कोणी कोणाला वावगा शब्द बोललं नाही. आई अजूनही म्हणते की एवढी शहाण्यासारखी वाटणी तिने कुठे पाहिली नाही. मग महिन्याचा शेवटचा रविवार आला, आणि आपण नेहमीसारखे कोपऱ्यावर गेलो. पंचाने बशी मधोमध ठेवली आणि मागे सरकला. कोणाचाच हात हलला नाही. मला वाटलं, ही नवी युक्ती आहे. बाबांनी खिशातून चष्मा काढला, बिल उचललं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यांना बिल वाचताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, 'अर्धं-अर्धं करू या.' काका म्हणाले, 'हो, तेच बरं.' दोघांनी आपापले पैसे बशीत ठेवले. पंच बशी उचलायला पुढे आला, क्षणभर दोघांकडे बघत राहिला, आणि मग घेऊन गेला. आपल्या पैजेत कोण जिंकलं हे तूही विचारलं नाहीस, मीही नाही. आपापलं आईस्क्रीम खाल्लं.

त्यानंतर काय झालं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काहीच नाही. पुढच्या महिन्यात बाबांना खोकला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात काकांच्या दुकानात नवा माल यायचा होता. मग तुझी परीक्षा, मग माझी. भांडण झालं असतं तर कोणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं, पण मिटवायला काही नव्हतंच. वाढदिवसाला फोन, दुखण्याखुपण्याला आईचा आणि काकूचा फोन. तुझ्या लग्नाला आम्ही पाहुण्यांसारखे आलो, पाकीट दिलं, आणि बाबांना लांब जायचं आहे असं सांगून जेवायच्या आधी निघालो. तू स्टेजवरून बघत होतीस, ते मी पाहिलं होतं. घरी पोचल्यावर आईने उतरलेल्या चेहऱ्याने पाव आणि ऑम्लेट केलं, आणि बाबा म्हणाले, 'तिथं जेवणाचं सगळं तोच बघत होता. मी नुसता बसून काय जेवणार?' मला ते वाक्य तेव्हा कळलं नाही. रागच आला होता. तुला किती आला असेल याचा हिशेब मी कधी केला नाही.

तर ती स्क्रीन. शेवटी मी माझ्या मनाने एक केली. बिल आलं की कोणीही 'मी देणार' दाबू शकतं. दाबलं की बाकीच्यांच्या फोनवर दिसतं की अमुक जण पैसे देत आहे, आणि त्याच्याखाली त्यांच्यासाठीही तेच बटण: 'नाही, मी देणार.' दाबलं की बिल तिकडे जातं. पहिल्याला ते परत ओढता येतं. ज्याच्या हातात असताना बाकीचे हात सोडतील, त्याने भरायचं. एका वेळी बिल एकाच्याच हातात, त्यामुळे पैसे दोनदा जाण्याचा प्रश्न नाही. तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ काम होतं, मी ते अजूनही कोणाला दाखवायला तयार आहे. बैठकीत सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, 'हे बिल आहे की रस्सीखेच?' लीड भला माणूस आहे. तो म्हणाला, एका हॉटेलात करून बघू.

चाचणीच्या दिवशी मी पुन्हा कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. बऱ्याच लोकांनी ते बटण पाहिलंही नाही, भाग पाडले आणि गेले. पण एका टेबलावर एक आजी, तिचे दोन मुलगे, सुना आणि एक नात होती. थोरल्याने बटण दाबलं, धाकट्याने ओढलं, थोरल्याने परत ओढलं, आवाज चढायला लागले. आजी नातीला म्हणाली, 'मला दे गं तो फोन, कुठे दाबायचं ते दाखव.' आणि तिने दाबलं. दोन्ही मुलगे आपापल्या फोनकडे बघत राहिले. आजी म्हणाली, 'आता ओढून दाखवा कोणी.' कोणी ओढलं नाही. पैसे तिच्या कार्डातून गेले, आणि त्यानंतरही ते सगळे कितीतरी वेळ तिथेच बसून हसत होते. हॉटेलचा मालक घड्याळाकडे बघत होता. संध्याकाळी आकडे आले. ज्या टेबलांनी ते बटण वापरलं, ती सगळ्यात उशिरा रिकामी झाली. आमचं काम टेबलं लवकर रिकामी करण्याचं होतं. लीड म्हणाला, 'सध्या बाजूला ठेवू, सारखे भाग तेवढे देऊ.' मी 'ठीक आहे' म्हटलं. मी वाद घातला नाही. आमच्या घरात घालत नाहीत, तुमच्याही नाही, आणि त्याचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलं आहे. म्हणून आता एका बाबतीत घालते आहे.

ताई, ती रक्कम माझी नव्हती. बाबांची होती. काकूचा फोन आला त्याच दुपारी ते माझ्या खोलीत आले, फोन हातभर लांब धरून म्हणाले, 'हे पैसे पाठवतात कसे ते मला दाखव. नको, तूच पाठव, तुझ्या नावाने. माझं नाव दिसलं तर तो घेणार नाही.' रक्कम परत आली तेव्हा त्यांना सांगायला जाताना मी त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याची तयारी करून गेले होते. ते दाढी करत होते. 'परत आले' म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. 'किती वेळात?' मी म्हटलं, 'लगेच.' 'लगेच?' साबण लावलेल्या चेहऱ्यानेच ते माझ्याकडे वळले. 'म्हणजे ओळखलंन् त्याने. लगेच ढकलले म्हणजे अंगात जोर आहे त्याच्या.' आणि ते हसले, ताई. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. पैसे तू परत पाठवलेस, आणि काकांना यातलं बहुधा काहीच माहीत नाही, हे मला तिथे सांगता आलं नाही. तेव्हापासून ते मला रोज काहीतरी विचारतात: हॉस्पिटलात आगाऊ पैसे कुठे भरतात, खिडकी सकाळी कधी उघडते, नातेवाइकांना आधी येऊन भरता येतात का. सोमवारी पहाटेच्या गाडीचं तिकीट त्यांनी काढलं आहे. इस्त्री केलेला शर्ट खुर्चीवर टांगला आहे. रागावण्याचा तुला हक्क आहे, आणि ते आल्यावर त्यांना तसं तोंडावर सांगितलंस तरी माझी हरकत नाही. पण ऑपरेशनच्या आधी काकांना हे कळायला हवं, आणि ते सांगणं तुझ्याच हातात आहे. त्यांना बेसावध गाठून बाबा जिंकले तर त्यात दोघांनाही काही मिळणार नाही. तेव्हा आज संध्याकाळी त्यांना उशीला टेकवून बसव, चष्मा दे, आणि सांग की दादा येतोय, सोमवारी सकाळी, पाकीट घेऊन. पुढे काय करायचं ते काका बघतील.

तुझीच,
धाकटी